चिमाबाईचा अबोला

चिमाबाईने मेणबत्ती पेटवली आणि दोन तसबिरींच्या बरोबर मध्ये न ठेवता डावीकडे, मतमाउलीच्या, म्हणजे येशूच्या आईच्या बाजूला सरकवली. उजवीकडच्या तसबिरीत येशू आपलं उघडं हृदय दाखवत उभा होता. त्याच्या वाट्याला जेमतेम उजेड आला. चिमाबाईने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने डोक्यावर पदर घेतला, परात पुढे ओढली आणि बाजरीच्या पिठात कोमट पाणी ओतता ओतता माउलीला म्हणाली,

"तुपल्या लेकाला सांग, आज बी भात नाकातून आला ह्यांच्या. कोंडलं माणूस. त्याला म्हणावं, झालं का आता समाधान?"

पलंगावर झुंबर भिंतीला टेकून बसला होता. उजवा हात मांडीवर दुसऱ्या कुणीतरी आणून ठेवल्यासारखा पडलेला. डाव्या हाताने तो चादरीची कड चाचपत होता आणि बायकोकडे बघत होता. त्याला सगळं समजत होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरने तसं सांगितलंच होतं, की समजतं सगळं, फक्त बोलता येणार नाही.

दारात सोनी सॅन्डल काढत होती. ती राखोलीच्या कंपनीत पॅकिंगला होती आणि दिवसभर उभं राहून तिच्या पोटऱ्या भरून आलेल्या असायच्या.

"मम्मी, डायरेक्ट बोल ना त्याच्याशी. बाजूलाच तर आहे. रोज काय कुरिअर पाठवतेस?"

"बाजूला आसंल. म्या त्याला काय बी सांगत न्हाई."

"पण तो ऐकतोय ना."

"आयकू दे की. कान काय म्या दिलेत त्याला?"

सोनी हसली आणि मोरीत पाय धुवायला गेली.

चिमाबाईने देवाशी अबोला धरला होता. नरोलीच्या त्या चाळीत हे आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं. कुणाला हसू यायचं, कुणाला भीती वाटायची. चिमाबाईला स्वतःला मात्र त्यात जगावेगळं काही वाटत नव्हतं. ज्याच्याशी बिनसलं त्याच्याशी बोलणं बंद करायचं, ही तिची जन्माची रीत. भांडणतंटा, आदळआपट तिला जमायची नाही. ती गप्प व्हायची, आणि तिचं ते गप्प होणं समोरच्याला पुरेपूर ऐकू जायचं.

हे कुटुंब मूळचं श्रीरामपूरकडचं, पिढ्यान्‌पिढ्यांचं कॅथलिक. झुंबर तरुणपणी सिल्वासाजवळ नरोलीला सुताच्या कंपनीत मशीनवर लागला आणि पुढे पायांनी दगा दिला तेव्हा त्याच कंपनीच्या गेटवर रखवालदार झाला. भाड्याची खोली, पलंग, गॅसची शेगडी, आणि हरेगावच्या यात्रेतून आणलेली मतमाउलीची तसबीर. एवढ्या संसारात नवराबायकोचे अबोले अधूनमधून रंगायचेच. पण अबोला धरला म्हणून घर थोडंच थांबतं? मध्ये एक माणूस लागतो. ते काम सोनीने बोबडं बोलायची तेव्हापासून केलं होतं.

"सोने, तुपल्या बापाला सांग, ताट वाढलंय."

बाप समोरच मांडी घालून बसलेला.

"सोने, आईला म्हण, कालवणात मीठ न्हाई."

"सोने, त्यांना सांग, डोळे हायत ना? बरणी शेजारीच हाय."

आणि सोनी एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवत सगळे निरोप जसेच्या तसे पोचवायची.

हे अबोले सुटायचे मात्र एकाच तऱ्हेने. संध्याकाळी सात वाजता झुंबर कपाळावर क्रूसाची खूण करायचा आणि जपमाळ हातात घ्यायचा. माळेतल्या प्रत्येक प्रार्थनेचे दोन भाग असतात. पहिला सांगणाऱ्याने म्हणायचा, दुसरा बाकीच्यांनी. झुंबर भारदस्त आवाजात 'नमो मरिये, कृपापूर्णे' असा सुरू व्हायचा आणि त्याचा भाग संपला, की 'हे पवित्र मरिये, देवाच्या माते' हे चिमाबाईला म्हणावंच लागायचं. नवऱ्यावर कितीही राग असला तरी माउलीला अर्ध्यावर कसं सोडणार? आणि एकदा उघडलेलं तोंड माळ संपल्यावर पुन्हा मिटून घेणं काही जमायचं नाही. झुंबर मिशीतल्या मिशीत हसून म्हणायचा, "चिमे, च्या ठेव." की अबोला संपला. प्रत्येक वेळी असं व्हायचं, आणि प्रत्येक वेळी चिमाबाई कपाळावर हात मारून म्हणायची, की ह्यांनी देवाला मध्ये घालून मला फसवलं.

अशीच एकदा माळ चालू असताना ते झालं. गणपतीचे दिवस नुकतेच संपले होते. झुंबर नेहमीसारखा सांगत होता आणि 'स्त्रियांमध्ये तू' इथवर येऊन थांबला. चिमाबाई आणि सोनी डोळे मिटून आपल्या भागाची वाट बघत बसल्या. गेटवरच्या जागरणाने त्याला कधीमधी डुलकी लागायची. तसंच असेल असं वाटून चिमाबाई डोळे न उघडताच म्हणाली, "पुढं म्हणा की." तो पुढे म्हणाला नाही. तिने डोळे उघडले तेव्हा त्याचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं आणि माळ जमिनीवर पडली होती.

दवाखान्यातून घरी आणल्यावर पहिल्याच संध्याकाळी ती तसबिरींपुढे उभी राहिली. रडून झालं होतं, आता राग आला होता. चोरी करताना, शिवी देताना, दारू पिताना वाचा गेली असती तर एक वेळ तिने गप्प बसून घेतलं असतं. पण ह्या माणसाची वाचा देवाचंच नाव घेत असताना गेली होती. तोंडातला घास काढून घ्यावा तशी.

"आता म्या बी बोलणार न्हाई," तिने येशूला सांगितलं. "ज्या दिवशी हे मला 'चिमे' म्हणतील, त्या दिवशी बोलंन. तवर तुपला मपला संबंध न्हाई."

आणि ती डावीकडे वळून माउलीला म्हणाली, "तू साक्षीला हाय."

माणूस अबोला धरतो तेव्हा गप्प बसतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी अबोला धरलेला नसतो. चिमाबाई आयुष्यभरात देवाच्या दारात जेवढं बोलली नव्हती तेवढं त्या तीन महिन्यांत बोलली. आधी तिच्या वाट्याला नुसता दुसरा भाग होता, तोही पाठ केलेला. आता सकाळी शेगडी पेटल्यापासून निरोपांची रांग लागायची. पाण्याचा टँकर आला नाही, हे त्याला सांग. ह्यांच्या पाठीला चट्टा पडलाय, तो त्याने बघितला का, विचार. सोनीचा सुपरवायझर नजरेचा चांगला नाही, त्याच्याकडे लक्ष ठेवायला सांग, तेवढं तरी कर म्हणावं. झुंबरला कुशीवर वळवताना, त्याचं अंग पुसताना, भाकरी थापताना तिचं तोंड चालूच. कधी माउलीवरच घसरायची. "तू तरी कशी आई गं? एवढा मोठा लेक, एक शब्द आयकत न्हाई तुपला?" पण लगेच मऊ व्हायची, कारण लेक कसे वागतात हे काही कुणा आईच्या हातात नसतं.

रविवारी ती सिल्वासाच्या चर्चमध्ये मिस्साला जायची, पण पवित्र भाकर घ्यायला कम्युनियनच्या रांगेत उभी राहायची नाही. ज्याच्याशी बोलत नाही त्याच्या ताटात जेवायचं कसं? महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर आजाऱ्यांसाठी पवित्र भाकर घेऊन घरी यायचे. झुंबरच्या जिभेवर तुकडा ठेवून झाला, की ते तिच्याकडे वळायचे.

"तुम्ही, चिमाबाई?"

"मला नगं, फादर."

"अजून?"

"आमचं घरगुती हाय ते."

फादर तरुण होते, वसईकडचे. त्यांनी एकदा तिच्याकडे, एकदा तसबिरीकडे पाहिलं आणि डबी बंद केली. "बरं," एवढंच ते म्हणाले.

मंगलाताईंना मात्र हे बरं वाटेना. मंगलाताई नरोलीच्या प्रार्थना मंडळाच्या प्रमुख. बाई मनाने चांगली. झुंबरला दवाखान्यात न्यायला टेम्पो त्यांनीच उभा केला होता आणि पुढचे कितीतरी दिवस डबा पाठवला होता. त्यामुळे नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या सुरुवातीला त्या येऊन बसल्या तेव्हा चिमाबाईने आलं घालून चहा केला.

"सोनी बोलली मला," मंगलाताई म्हणाल्या. "देवाशी अबोला धरतं का कुणी? तो काय शेजारी आहे?"

"शेजारी आसता तर बरं झालं आसतं. घर बदलता आलं आसतं."

"हसण्यावारी नेऊ नकोस. मी मनापासून सांगते." त्यांनी बशी खाली ठेवली. आवाज हळू केला, पण खोली एवढीशी, झुंबरला ऐकू जाणारच होतं. "मला प्रार्थनेत असं आलं, की दादांची वाचा तुझ्यामुळे अडली आहे. तू तोंड उघडत नाहीस, म्हणून त्यांचं उघडत नाही. शनिवारी आम्ही सगळ्या येतो. तू आमच्यासमोर गुडघे टेक, देवाची माफी माग. बघ काय होतं ते."

चिमाबाईने झुंबरकडे पाहिलं. तो दोघींकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत काय आहे ते तिला कळेना. खरंच असं असेल तर? आपल्या हट्टापायी हा माणूस मुका राहिला असेल तर?

"शनिवारी या," ती म्हणाली. "पण माफी मागायची, तर त्याने मागावी."

मंगलाताईंनी कानांना हात लावला.

पुढचे दिवस चिमाबाईचे फार वाईट गेले. भाकरी करपू लागल्या. झुंबरला भरवताना ती त्याच्या ओठांकडे बघत राहायची. एकदा दुपारी खोलीत कुणी नसताना ती माउलीपुढे उभी राहिली आणि कुजबुजली, "खरं सांग. मपल्यामुळं हाय का हे?" माउलीने नेहमीप्रमाणे मान कलती ठेवून लेकराकडे पाहिलं. चिमाबाईने पदराने तसबिरीची काच पुसली. मग म्हणाली, "मपल्या रागाचा वचपा तो ह्यांच्यावर काढत आसंल, तर मग म्या बरोबरच हाय. आसल्याशी कोण बोलंल?" तिने डोळे पुसले आणि परात घेतली.

शनिवारी सोनीला ओव्हरटाइम होता. संध्याकाळी मंडळाच्या बायका आल्या. दारावर सोनीने टांगलेली नाताळची कागदी चांदणी त्यांच्या डोक्यांना लागून हलत राहिली. खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. मंगलाताईंनी आपल्या पर्समधली माळ काढून झुंबरच्या डाव्या हातात दिली. गाणं झालं, टाळ्या झाल्या. मग सगळ्यांनी हात पुढे करून मोठमोठ्याने त्याच्यासाठी मागणं सुरू केलं. आवाज छपराच्या पत्र्याला लागून परत खाली येत होता. झुंबरच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. माळ त्याने मुठीत घट्ट आवळली होती.

"रडतायत दादा," कुणीतरी म्हणालं. "स्पर्श झाला."

"चिमाबाई, ये पुढे," मंगलाताई म्हणाल्या. "आधी माफी, मग माळ. टेक गुडघे. तुझ्या नवऱ्यासाठी टेक."

सगळ्या थांबल्या. चिमाबाई शेगडीपाशी उभी होती. तिने त्या बायकांकडे पाहिलं आणि पलंगावर कोपऱ्यात दबलेल्या आपल्या माणसाकडे पाहिलं. त्याचं रडणं तिच्या काळजाला भिडलं. तिला वाटलं, घाबरलाय हा. कंपनीच्या गेटवर दांडगे ड्रायव्हर एका आवाजात गप्प करणारा माणूस, आणि आज ह्याला लहान पोरासारखं मध्ये बसवलंय.

"उठा," ती म्हणाली.

"काय?"

"उठा समद्या. तुमचे उपकार म्या विसरणार न्हाई, मंगलाताई. पण मपल्या नवऱ्याची वाचा काय मपल्या गुडघ्यात आडकलेली न्हाई. आन् देवाला मपल्या माफीची एवढी नड आसंल, तर त्याने एकटीला गाठावं. आशी मानसं जमवून न्हाई."

"तू देवाला धमकी देतेस?"

"त्याच्याशी म्या बोलतच न्हाई. तुमाला सांगतीय."

बायका चपला शोधत बाहेर पडल्या. मंगलाताई दारात थांबल्या, पण झुंबरकडे नजर गेली आणि तशाच निघून गेल्या. माळ त्याच्या मुठीतच राहिली.

चिमाबाईने दार लोटलं. तिने दूध गरम केलं, त्यात भाकर बारीक कुस्करली, मऊ होईपर्यंत चमच्याने दाबली आणि वाटी घेऊन पलंगाच्या कडेला बसली.

"गेल्या. खा आता."

झुंबरने तोंड फिरवलं.

"आवं, गरम हाय तवर खा."

त्याने ओठ मिटून घेतले आणि मान भिंतीकडे वळवली. तिला वाटलं, पुन्हा गिळायला त्रास होतोय. मग तिने त्याची मान नीट पाहिली. ताठ मान, कानामागची फुगलेली शीर. ही मान तिच्या ओळखीची होती. चमच्यातून दिलं ते गिळायचं, वळवलं तिकडे वळायचं, असं तीन महिने चाललं होतं. आजारी माणसाची मान अशी नसते. ही रागावलेल्या नवऱ्याची मान होती.

"आवं," ती चकित होऊन म्हणाली, "तुमी आबोला धरलाय व्हय?"

मान हलली नाही. पण मुठीतली माळ थोडी हलली, आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं. तो घाबरून रडत नव्हता. घरात तीन महिन्यांनी माळ होणार होती. त्याच्या हातात माळ आली होती, आता सुरू होणार म्हणून तो रडत होता, आणि नेमकं तेव्हाच तिने सगळ्यांना हाकलून दिलं होतं. तिचा देवाशी अबोला, त्याने काय घोडं मारलं होतं? त्याला माळ हवी का, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं.

तिला आधी आनंदच झाला. खोटं कशाला बोला, फार आनंद झाला. तिचा नवरा तिच्यावर रागावला होता. आणि मग तिच्या लक्षात आलं, की हा अबोला सुटायचा कसा? आजवरचा प्रत्येक अबोला त्याने सोडवला होता, माळेचा पहिला भाग म्हणून. आता तो म्हणणार कसा? मध्यस्थ म्हणावी तर सोनी कंपनीत. वाटीतलं दूध निवत चाललं होतं. चिमाबाईने डावीकडच्या तसबिरीकडे पाहिलं.

"हे तुपल्याशी हाय," तिने माउलीला बजावलं. "फकस्त तुपल्याशी."

आणि तिने नवऱ्याच्या मुठीतून लोंबणारं माळेचं टोक धरलं. "नमो मरिये," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. हा भाग तिने जन्मात कधी मोठ्याने म्हटला नव्हता, आधी बाप म्हणायचा, मग नवरा. 'स्त्रियांमध्ये तू' इथे येऊन ती थांबली. तिने डोळे मिटले आणि पुढे म्हटलं. शेवटचा शब्द संपला. दुसरा भागही आता आपणच म्हणायचा, म्हणून तिने तोंड उघडलं.

"हे पवित्र मरिये," झुंबर म्हणाला.

आवाज घोंगडीखालून आल्यासारखा होता. शब्द एकमेकांना चिकटलेले, पण क्रमाने, एकही न गाळता. देवाच्या माते. आम्हां पाप्यांसाठी. आता आणि आमच्या मरणाच्या वेळी. आमेन.

चिमाबाईच्या हातातला चमचा वाटीत पडला. तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून आपल्याकडे वळवला.

"आवं! म्हणा, चिमे म्हणा."

त्याचे ओठ हलले, गळ्याची घाटी वरखाली झाली. काही आलं नाही.

"पाणी म्हणा. नुसतं पाणी."

नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने घाईघाईने पुन्हा 'नमो मरिये' म्हटलं, आणि पुन्हा त्याच्या तोंडून तो सबंध दुसरा भाग बाहेर पडला, रुळावरून गाडी जावी तसा. पुन्हा 'चिमे' म्हणवून पाहिलं. पुन्हा काही नाही. म्हणजे पाठ होतं तेवढंच आत शिल्लक होतं, बाकी कप्पा बंद. चिमाबाई ताडकन उभी राहिली.

"सांग त्याला!" ती माउलीवर ओरडली. "मागितलं काय आन् दिलं काय! पाणी मागता येत न्हाई, मपलं नाव घेता येत न्हाई, आन् तुमचं नाव तेवढं बरं घेता येतं? आपल्यापुरतं काढून दिलंस व्हय, म्हणावं?"

झुंबरने तिच्या लुगड्याला हात घातला आणि तिला खाली ओढलं. जोर होता त्या हातात. ती बसली. रागाने धापा टाकत तिने चमचा भरला आणि त्याच्या तोंडाशी नेला. त्याने ओठ मिटले, मान हलवली, आणि अंगठा सरकवत सरकवत माळेच्या मोठ्या मण्यावर आणून ठेवला.

तिला कळलं. मोठा मणी म्हणजे 'हे आमच्या स्वर्गातील बापा.' ती प्रार्थना झाल्याशिवाय त्याने घरात कुणाला ताटावर बसू दिलं नव्हतं. पण ही प्रार्थना माउलीकडे जाणारी नव्हती, थेट त्याच्याकडे जाणारी होती. बापाशी बोललं काय, लेकाशी बोललं काय, घर एकच.

"तुमाला म्हाईत हाय," ती म्हणाली, "म्या त्याच्याशी बोलत न्हाई."

झुंबरचा अंगठा मण्यावरून हलला नाही. भूक त्याच्या गळ्यापाशी दिसत होती.

चिमाबाईने सुरुवात केली. बाप, नाव, राज्य, भराभर म्हणून टाकलं, आणि पहिल्या भागाची शेवटची ओळ गाळून ती थांबली. एवढ्यावर भागेल असं तिला वाटलं होतं. झुंबर ओठ उघडे ठेवून वाट बघत राहिला.

"पुढं म्हणा की," ती म्हणाली आणि तिने जीभ चावली.

तोही वाट बघत होता. त्याचा भाग ठरलेल्या ठिकाणी सुरू होत होता, आणि तिथवर तिने त्याला आणून सोडलं नव्हतं. मध्ये एकच ओळ होती, आणि नेमकी तीच तिच्याच्याने म्हणवत नव्हती. हा मांडीवर पडलेला हात कुणाच्या इच्छेने? नाकातून येणारा भात कुणाच्या इच्छेने? आणि वर आपण म्हणायचं, की होवो?

झुंबरने वाटीकडे पाहिलं.

तेव्हा चिमाबाईने तीन महिन्यांत पहिल्यांदा उजवीकडच्या तसबिरीकडे पाहिलं. डोळ्याला डोळा भिडवून. नको असलेल्या पाहुण्यापुढे ताट आपटावं तशी ती ओळ तिने त्याच्यापुढे टाकली. "जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही," ती दात आवळून म्हणाली, "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो."

"आमची रोजची भाकर आज आम्हांस दे," झुंबर म्हणाला. आणि पुढचंही सगळं, क्षमा, मोह, वाईट, आमेनपर्यंत. मग त्याने तिच्याकडे वळून तोंड उघडलं.

तिने भरवलं. थोडं हनुवटीवरून ओघळलं, ते पदराने टिपलं. दुसरा चमचा, तिसरा चमचा. दोघांचेही डोळे वाहत होते. दार उघडल्याचा आवाज झाला आणि सोनी उंबऱ्यात तशीच उभी राहिली. खांद्यावर डब्याची पिशवी, एका पायातली सॅन्डल हातात.

"मम्मी," ती म्हणाली, "मी बाहेरून ऐकलं. पप्पांचा आवाज होता तो. आणि तू... तू त्याच्याशी बोललीस."

"कुणाशी?"

सोनीने तसबिरीकडे बोट केलं.

"काय तरीच. म्या तुपल्या बापाशी बोलत व्हते." चिमाबाईने चमचा वाटीच्या कडेला निथळला, आणि मग उजवीकडे वळून आवाज चढवला. "तुला आयकायचं तर आयक. पण मधी बोलायचं काम न्हाई. आन् 'चिमे' आजून यायचंय. ते म्या सोडलेलं न्हाई, ध्यानात ठेव."

मेणबत्ती डावीकडेच जळत होती. सोनीने सॅन्डल खाली ठेवली, पाय न धुताच आत आली आणि पलंगाच्या पायथ्याशी मांडी घालून बसली.

झुंबरचा अंगठा पुन्हा मोठ्या मण्यावर आला होता. वाटीत अजून भाकर होती. चिमाबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.